नागपूरहून हिवाळी हिमालयात जाणाऱ्यांसाठी: ‘उणे किती?’ याच्या पलीकडचे प्रश्न

पांथस्थ (धागाकर्ता)

नमस्कार. अंबाझरीला सकाळी चालायला येणाऱ्यांपैकी तिघे जण या महिनाअखेरीस उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला निघाले आहेत. तिघांनीही मला वेगवेगळ्या दिवशी एकच प्रश्न विचारला, ‘तिथे उणे किती असते?’ मी आकडा सांगितला. पण घरी आल्यावर वाटले की हा प्रश्न अपुरा आहे आणि त्याचे नुसते उत्तर देऊन मी त्यांना अर्धवट माहितीवर रवाना करतो आहे. म्हणून हा धागा.

आधी आकड्याचाच हिशोब मांडतो. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटरवर आहे आणि केदारकंठ्याचा माथा सुमारे ३,८१० मीटरवर. दर हजार मीटरला सरासरी साडेसहा अंश या दराने तापमान उतरते, म्हणजे केवळ उंचीमुळेच तेवीस अंशांचा फरक पडतो, आणि तो माथा आपल्याहून दहा अक्षांश उत्तरेला आहे हे वेगळेच. आपल्याकडे पहाटे बारा अंश असतील, तर तिथे उणे दहा किंवा त्याहून कमी असणार हे गृहीत धरावे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता, तेव्हा शहर कसे काकडले होते हे ज्यांना आठवते त्यांना यावरून थोडा अंदाज येईल.

परंतु उन्हाळ्याच्या बाबतीत आपण नुसत्या आकड्यावर कधीच थांबत नाही. पारा पंचेचाळिसावर गेला की आपण किती वाजता निघायचे, डोक्याला दुपट्टा आहे का, पाणी किती घेतले आहे आणि सोबतचा माणूस बोलता बोलता गप्प तर झाला नाही ना, हे पाहतो. ऊन कसे लागते हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. थंडी कशी लागते हे मात्र आपल्या अंगवळणी पडलेले नाही, आणि आपल्याकडच्या धडधाकट माणसांची तिथे फसगत होते ती याच कारणाने.

तीन वर्षांपूर्वीचा माझा अनुभव सविस्तर सांगतो. जानेवारी महिना होता. आम्ही पहाटे तीन वाजता तळावरून निघालो. माझा सहकारी आमच्यात सर्वांत दमदार होता. रामटेकच्या गडाच्या पायऱ्या न थांबता चढणारा. त्याने थंडीच्या धास्तीने तंबूतच सगळे कपडे चढवले होते आणि त्यांच्या खाली नेहमीचे सुती बनियन होते. चढावर त्याला भरपूर घाम आला. माथ्यावर पोचल्यावर सूर्योदयासाठी आम्ही पाऊण तास थांबलो आणि त्याच वेळी वारा सुटला. सुरुवातीला तो थडथडत होता. थोड्या वेळाने त्याची हुडहुडी थांबली आणि तो म्हणाला, “आता बरं वाटतंय, थंडी वाजत नाही.” आम्ही निश्चिंत झालो. उतरण्यासाठी बुटांवर मायक्रोस्पाइक, म्हणजे बर्फावर पकड देणारे काटे, चढवायची वेळ आली, तेव्हा त्याला रबराचा पट्टा टाचेवरून ओढता येईना. त्याने हातमोजे काढले, पट्टा दोनदा निसटला, आणि तो त्याच्याकडे नुसता पाहत बसला. मी ते थकव्यावर ढकलले.

आमच्या स्थानिक वाटाड्याने मात्र एकही प्रश्न न विचारता त्याच्या जॅकेटची चेन उघडली आणि आत हात घातला. बनियन चिंब भिजलेले होते. खडकाच्या आडोशाला नेऊन आम्ही त्याचे आतले कपडे उतरवले, माझ्या पिशवीतला कोरडा लोकरी थर त्याला चढवला, आणि तो भानावर असून व्यवस्थित गिळू शकतो हे पाहून थर्मासमधले साखर घातलेले गरम पाणी थोडे थोडे पाजले. काढून ठेवलेले बनियन आम्ही निघेपर्यंत पापडासारखे कडक झाले होते. सुमारे अर्ध्या तासाने त्याला पुन्हा हुडहुडी भरली. वाटाड्या म्हणाला की आता काळजी मिटली. थंडी वाजणे हे सुचिन्ह असू शकते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

शरीराचे आतले तापमान ३५ अंशांच्या खाली गेले की त्याला हायपोथर्मिया म्हणतात. पाणी हे हवेपेक्षा सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता ओढून नेते, म्हणून ओले कपडे घातलेल्या माणसासाठी पाऱ्याचा आकडा फसवा ठरतो. त्यात वाऱ्याची भर पडते. हवा उणे दहा अंशांची असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरने वाहत असेल, तर उघड्या त्वचेला ती थंडी उणे वीसइतकी जाणवते. इतकेच कशाला, शून्य अंशातही ताशी ४० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला सुमारे उणे सात अंश जाणवतात. पाऱ्याचा आकडा एकच असला तरी कोरडा माणूस गप्पा मारत उतरतो आणि भिजलेल्या माणसाला पट्टा ओढता येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया भर घालावी.

धरमपेठेतली डॉक्टर

पांथस्थ यांनी सांगितलेली लक्षणे अचूक आहेत. बोलणे अडखळणे, बोटांनी साधे काम न होणे, पावले वेडीवाकडी पडणे आणि स्वभाव अचानक चिडका किंवा उदासीन होणे, या चारांपैकी दोन गोष्टी दिसल्या तरी त्या माणसाला ‘तू ठीक आहेस का?’ असे विचारत बसू नये, कारण त्याचे स्वतःविषयीचे मत त्या वेळी विश्वासार्ह नसते. तापमान ३२ अंशांच्या आसपास आले की हुडहुडी मंदावते आणि पुढे थांबते. अगदी शेवटच्या अवस्थेत काही रुग्ण अंगावरचे कपडे काढू लागतात; त्याला भ्रम किंवा वेडेपणा समजून सोडून देऊ नये.

काय करू नये, हे जास्त महत्त्वाचे आहे. ब्रँडी किंवा रम देऊ नये, कारण दारूने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब आल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात शरीर आणखी वेगाने थंड होते. हातपाय जोराने चोळू नयेत. रुग्ण अर्धवट शुद्धीत असेल तर तोंडाने काहीही देऊ नये आणि त्याला उभा करून चालवू नये. आडवे ठेवून, खाली जाड चटई घालून, हळुवारपणे हलवावे, कारण अतिथंड हृदयाचे ठोके धक्क्याने बिघडू शकतात. बोटे किंवा नाकाचा शेंडा पांढराफटक आणि बधीर झाला असेल तर तो हिमदंश समजावा. त्यावर बर्फ चोळण्याचा जुना उपाय घातक आहे. शेकोटीजवळही बोटे धरू नयेत, कारण बधीर बोटे भाजली तरी कळत नाही. सुरक्षित जागी पोचल्यावर ३७ ते ३९ अंशांच्या कोमट पाण्यात ती बुडवावीत. मात्र पुन्हा गारठ्यात चालावे लागणार असेल, तर मध्येच ती वितळवू नयेत. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या बोटाची हानी कितीतरी अधिक होते.

माझ्याकडे येणारे बरेच जण ‘थंडीसाठी डायमॉक्स लिहून द्या’ म्हणतात. ते औषध थंडीवरचे नाही, उंचीच्या त्रासावरचे आहे. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी आणि मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते स्वतःच्या मनाने मुळीच घेऊ नये. केदारकंठ्याच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाहूनही थोडा कमी असतो. तेव्हा डोकेदुखी आणि मळमळ असताना आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागत असेल किंवा तोल जात असेल, तर रात्र असली तरी खाली उतरवणे हाच उपचार.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. तंबूत किंवा बंद खोलीत शेगडी, कोळशाची अंगीठी अथवा गॅसचा हीटर पेटवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याने येणारी डोकेदुखी उंचीच्या त्रासासारखीच वाटते, त्यामुळे कोणालाच शंका येत नाही.

रानवाट मेळघाट

हिमालयावर बोलणे सुरू आहे म्हणून आपल्या सातपुड्याविषयी थोडे. चिखलदरा अकराशे मीटरच्या आसपास आणि पचमढीजवळचे धूपगड १,३५० मीटरच्या आसपास. म्हणून लोक चादर आणि एक स्वेटर घेऊन मुक्कामाला येतात. कडाक्याच्या लाटेत या पट्ट्यात पहाटे गवतावरचे दवबिंदू गोठलेले मी अनेकदा पाहिले आहेत. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट म्हणजे रात्री थंड हवा जड होऊन उतारावरून खाली सरकते आणि दरीच्या तळाशी साचते. नदीकाठची सपाट रेती तंबूसाठी सोयीची दिसते, पण तीच जागा पहाटे सर्वांत गार आणि दवाने ओली असते. पन्नास-साठ मीटर वर, झाडांच्या आडोशाला, उतारावरच्या सपाटीवर तंबू लावला तर फरक थेट अंगाला जाणवतो. शिवाय आपल्याकडे हिवाळ्यातला अवकाळी पाऊस आणि गारपीट नवी नाही. दहा अंश तापमानात भिजून वाऱ्यात अडकलेल्या माणसाला हायपोथर्मिया होण्यासाठी बर्फ लागत नाही.

हवापाणी

रानवाट यांनी अवकाळीचा उल्लेख केला, तो धागा हिमालयापर्यंत जातो. भूमध्य सागर आणि कॅस्पियन समुद्राच्या बाजूने पूर्वेकडे सरकत येणारे कमी दाबाचे पट्टे, ज्यांना हवामान खाते पश्चिमी विक्षोभ म्हणते, तेच हिवाळ्यात उत्तराखंड आणि हिमाचलात बर्फ पाडतात. ते दक्षिणेकडे झुकले आणि त्यांना बंगालच्या उपसागरावरून ओलावा मिळाला, तर आपल्या हरभऱ्यावर आणि संत्र्याच्या बागांवर गारा पडतात. म्हणून माझी सवय अशी की निघण्याच्या आठ दिवस आधीपासून देहरादूनच्या हवामान केंद्राचा अंदाज रोज वाचायचा आणि त्यात पश्चिमी विक्षोभाचा उल्लेख आहे का, तो कोणत्या तारखेला आहे, एवढेच नेमके शोधायचे. पहाडातले आकाश सकाळी निरभ्र होते, एवढ्यावरून दुपारविषयी काहीही ठरवता येत नाही.

दूरचे हवामान किती लांबवर पोचते याचे उदाहरण म्हणजे २०१४ चे हुदहुद वादळ. १२ ऑक्टोबरला ते विशाखापट्टणमला धडकले. लोकांनी ते संपले असे मानले. त्याचा उरलेला ओलावा उत्तरेकडे सरकत गेला आणि दोन दिवसांनी नेपाळमध्ये अन्नपूर्णा परिसरात, ५,४१६ मीटर उंचीच्या थोरांग खिंडीवर, ऐन पदभ्रमणाच्या हंगामात प्रचंड हिमवृष्टी झाली. चाळीसहून अधिक माणसे दगावली. त्यांपैकी कित्येक जण खिंडीतून खाली उतरण्याच्या प्रयत्नात वाट चुकले, कारण जमीन आणि आकाश दोन्ही पांढरे झाल्यावर चढ कोणता आणि उतार कोणता हेसुद्धा कळत नाही. जून २०२४ मध्ये उत्तरकाशीकडच्या सहस्रतालच्या वाटेवर खराब हवामानात अडकून कर्नाटकातून आलेल्या गटातील नऊ जणांचा मृत्यू झाला. तो तर उन्हाळा होता. त्या आठवड्यात आपण कूलरसमोर बसलो असू.

हिमस्खलनाविषयी थोडक्यात: बहुतेक घातक स्खलने तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारांवर होतात, आणि ताजा जड बर्फ पडल्यानंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट असतात. केदारकंठ्याच्या नेहमीच्या वाटेवर हा धोका तुलनेने कमी आहे, परंतु ‘यंदा बर्फ खूप पडला आहे, लवकर या’ अशा निरोपावर दुसऱ्याच दिवशी उंच खिंडीकडे निघू नये. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा शिखरावर नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणार्थींच्या तुकडीवर हिमस्खलन झाले आणि पंचवीसहून अधिक जीव गेले. ती तर प्रशिक्षकांसह गेलेली, साधनसामग्री असलेली तुकडी होती. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था जिल्हावार हिमस्खलनाचे इशारे देते, ते पाहूनच पुढची वाट ठरवावी.

उंटखान्याचा वाटसरू

सर्वांचे म्हणणे वाचले. मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे. केदारकंठ्याला शाळकरी मुले जातात आणि हसत परत येतात. अशा चर्चांनी नवीन माणूस घाबरून घरीच बसेल. मध्यमवर्गीय माणूस वर्षभर पैसे साठवून, रजा जुळवून, धुक्यामुळे बारा तास उशिरा धावणाऱ्या गाडीत बसून दिल्ली आणि पुढे देहरादून गाठतो. माथा शंभर मीटरवर दिसत असताना त्याला ‘परत फिर’ म्हणणे सोपे नसते.

पांथस्थ (धागाकर्ता)

वाटसरू, आपला मुद्दा मला मनापासून पटतो. केदारकंठा नवख्यांसाठी योग्य आहे आणि मी स्वतः पुन्हा जाणार आहे. कोणी घरी बसावे अशी माझी इच्छा नाही. पण रजा आणि पैसे यांचे जे ओझे आपण सांगितलेत, तेच माणसाला वर ढकलत राहते, म्हणून परत फिरण्याची वेळ माथ्याजवळ ठरवायची नसते. ती आदल्या रात्री, जेवताना, सगळ्यांसमोर ठरवावी. आम्ही आता ‘साडेनऊ’ असे ठरवतो आणि साडेनऊला जिथे असू तिथून वळतो. यामागे भीती नाही, बर्फाचा स्वभाव आहे. पहाटे तो काचेसारखा कडक असतो आणि मायक्रोस्पाइक नीट धरतात. ऊन चढले की तो भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत जातो, बूट भिजतात, आणि दुपारनंतर सावलीतला तोच भिजलेला बर्फ पुन्हा गोठून निसरडा होतो. डिसेंबरात तिथे साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. उशीर झालेला माणूस ओल्या बुटांनी अंधारात कडक बर्फावर उतरत असतो, आणि तिन्ही संकटे एकदम येतात.

माथ्यावरून बसून घसरत उतरण्याची हौस अनेकांना असते. मी तिच्या विरोधात आहे. पॅंट भिजते, वेग आवरत नाही आणि बर्फाखालचा खडक दिसत नाही. आमच्यासमोर एका तरुणाचा घोटा तिथेच मुरगळला आणि त्याला दोघांनी आधार देत आणायला चार तास लागले.

मानेवाड्याची एक आई

माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. तिच्या वर्गातल्या बारा जणांचा गट एका आयोजकामार्फत जानेवारीत जाणार आहे. आयोजकाने पाठवलेल्या यादीत ‘उबदार कपडे, टॉर्च, पाण्याची बाटली’ एवढेच लिहिले आहे. मी स्वतः कधी डोंगर चढलेले नाही. मी त्यांना नेमके काय विचारावे आणि तिच्या पिशवीत काय पाहावे, हे कोणी सांगू शकेल का? तिला थांबवायचे नाही, एवढे मात्र नक्की.

पांथस्थ (धागाकर्ता)

ताई, आपण विचारलेत हे फार चांगले केले. आयोजकाला सर्वप्रथम हे विचारा की हवामान बिघडले तर परत फिरण्याचा निर्णय कोणाचा असेल आणि त्या निर्णयानंतर मुलांवर पैशांचा काही भुर्दंड पडेल का. याचे उत्तर गुळमुळीत आले, तर पुढचे प्रश्न विचारण्याआधी दुसरा आयोजक शोधावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मग बारा मुलांमागे किती वाटाडे आहेत, त्यांतला एक कायम सर्वांत मागे चालतो का, आणि एखादी मुलगी आजारी पडली तर तिच्यासोबत खाली उतरायला स्वतंत्र माणूस आहे का, हे विचारा. प्राणवायूचे सिलिंडर आहेत असे सगळेच सांगतात. ते कोणत्या तळावर ठेवलेले असतात, हे विचारा.

पिशवीचे म्हणाल, तर अंगाला चिकटून राहणारा थर सुती नसावा. बर्डीवर किंवा तिबेटी लोकांच्या स्वेटर बाजारात जाड, ऊबदार कपडे मिळतात, ते मधल्या थरासाठी उपयोगी आहेत. पण आत घाम शोषून न धरणारा कृत्रिम धाग्याचा अथवा लोकरी थर आणि सर्वांत वर वारा व पाणी अडवणारे जॅकेट असावे. चढताना वरचे कपडे काढून थोडे गार वाटेल अशा बेताने निघायचे आणि थांबताक्षणी, घाम गार होण्याआधी, जाड जॅकेट चढवायचे, ही सवय तिला सेमिनरी हिल्सवर दोन-चार पहाटे सराव करून लावता येईल. एक पूर्ण कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून वेगळा ठेवावा आणि तो फक्त तंबूत किंवा संकटातच उघडावा. हातमोज्यांचे दोन जोड लागतात, कारण एक भिजतोच. पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवावी. पाणी वरून गोठू लागते, म्हणजे झाकणाकडची बाजू मोकळी राहते. फोन आणि टॉर्चचे सेल आतल्या खिशात, अंगाजवळ ठेवावेत, आणि तरीही जिथून चढाई सुरू होते त्या सांकरी गावाच्या पुढे फोनवर विसंबू नये. काळा चष्मा चांगल्या प्रतीचा, अतिनील किरण अडवणारा घ्यावा. ताजा बर्फ या किरणांपैकी ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, आणि दिवसभर उघड्या डोळ्यांनी चाललेल्या माणसाला रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते.

धरमपेठेतली डॉक्टर

ताई, आणखी दोन गोष्टी. मुली तंबूबाहेर गारठ्यात जावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी पिणे टाळतात. असे केल्याने शरीर शुष्क होते, उंचीच्या त्रासासारखीच डोकेदुखी होते आणि हातापायांचा रक्तपुरवठा मंदावून बोटांना इजा लवकर होते. तिला याविषयी स्पष्ट बोलून सांगावे. दुसरे म्हणजे, दर तासाला काहीतरी खावे. चिक्की, गूळ-शेंगदाणे, खजूर असे, हातमोजे न काढता खाता येईल असे. हुडहुडी भरणे हे शरीराचे मोठे कष्टाचे काम आहे आणि रिकाम्या पोटी ते फार वेळ चालत नाही.

मानेवाड्याची एक आई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज संध्याकाळी मुलीसोबत बसून पिशवी पूर्ण रिकामी केली. त्यातून तीन सुती टी-शर्ट, एक जीन्स आणि सुती मोज्यांचे चार जोड निघाले. कोरडा वेगळा जोड नव्हताच. आयोजकाला फोन केला. परत फिरण्याचा निर्णय वाटाड्याचा असतो आणि त्यासाठी पैसे कापत नाहीत, असे त्यांनी सांगितले. ते मी लेखी मागवले आहे. मागे चालणाऱ्या माणसाविषयी त्यांनी ‘बघतो’ म्हटले, त्यामुळे उद्या पुन्हा फोन करणार आहे. मुलीने पांथस्थ यांचा बनियनाचा प्रसंग वाचून तो वर्गाच्या गटावर टाकला, आणि रविवारी पहाटे सहा वाजता त्यांच्यापैकी सात जण सेमिनरी हिल्सवर पिशव्या घेऊन येत आहेत. पांथस्थ, आपण त्या बाजूला असाल तर त्यांना मायक्रोस्पाइक कसे चढवायचे ते एकदा दाखवाल का?

पांथस्थ (धागाकर्ता)

अवश्य येईन. माझे दोन जोड घेऊन येतो. प्रत्येकाने हातमोजे घालूनच पट्टा ओढायचा सराव करावा, म्हणून मुलांना तेही आणायला सांगा.